नववी फळी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या हॉटेलात नाथाजीच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा पेला आडवा झाला. विशेष काही नाही. पेला फुटला नाही, कुणी वळून पाहिलं नाही. टेबल जुनं होतं, कसल्यातरी हलक्या लाकडाचं, पण वर्षानुवर्षं पॉलिशचे हात बसलेलं. पाणी त्यावर गोळ्यागोळ्यांनी उभं राहिलं. नाथाजी तसाच बघत बसला. एक ओघळ कडेपर्यंत गेला. तिथं फळीचं कापलेलं टोक उघडं पडलं होतं, गिऱ्हाइकांच्या पोटांनी आणि पिशव्यांनी घासून घासून. ओघळ तिथं पोचला आणि निम्मं पाणी त्याच्या विजारीवर पडलं. निम्मं पडलंच नाही. टोकानं ते पिऊन टाकलं. पांढुरकं टोक बघता बघता काळं झालं, आणि तो काळेपणा पॉलिशच्या खालून, आतल्या आत, बोटभर पुढे सरकला. चहा कधीतरी समोर येऊन पडला होता. नाथाजीच्या मनात चौसष्ट फळ्या एकदम उभ्या राहिल्या, पश्चिमेकडे तोंड करून. त्यांचा रंग त्याला दिसला नाही. त्याला त्यांचे पाय दिसले. कोरडे, पांढुरके, उघडे.

त्या फळ्या साताऱ्याच्या वर होत्या, कासच्या रस्त्याला. चार दिवसांपूर्वी तो त्या सोडून आला होता, काम संपलं म्हणून. काम असं होतं: सोनम नावाच्या तिशीतल्या मुलीनं डोंगरावरच्या तिच्या आजोबांच्या रानात पाहुण्यांना राहायला एक इमारत बांधायची ठरवली होती, आणि फोनवर कुठल्याशा परदेशी शेतावरच्या कोठाराचं चित्र दाखवलं होतं. उंच, उतरत्या छपराचं, उभ्या फळ्यांच्या भिंतींचं. "अगदी असंच पाहिजे काका. बार्न म्हणतात याला." लोखंडी सांगाडा आणि बाकीच्या तीन विटांच्या भिंती दुसऱ्या कुणी उभ्या केल्या. पश्चिमेच्या भिंतीला फळ्या चढवायच्या आणि त्या पावसाला टिकतील अशा करायच्या, हे नाथाजी आणि ज्योतिबाकडे आलं. ज्योतिबानं फोन डोळ्यांपासून लांब धरून चित्र बघितलं होतं. "एवढा मोठा गोठा," तो म्हणाला, "आन आत जनावर न्हाई?" "पाव्हणे ऱ्हानार हायत," नाथाजी म्हणाला. "मंग वैरण काय घालायची त्यास्नी?" सोनमला हसू आवरेना. तेव्हापासून तीही त्या इमारतीला गोठाच म्हणायला लागली. काम संपलं तेव्हा तिनं ज्योतिबाला राखणीला ठेवून घेतलं. मागच्या बाजूची खोली, दोन वेळचं जेवण, सोबतीला एक कुत्रं. तुम्हीही थांबा काका, असं ती नाथाजीला म्हणाली नाही. म्हणायचं कारणच नव्हतं. त्याला सांगलीत फ्लॅट होता.

फ्लॅट. तिसरा मजला, दोन खोल्या. बायको, शालूबाई, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी शिवांजली पुण्याला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, आणि तो जेवलेला असतो. चहा न पिताच हॉटेलातून तो घरी आला आणि कुलूप काढल्यावर आत न जाता उंबऱ्यात उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन बोट पाण्यात बुडवून आला आणि दाराच्या खालच्या टोकाला लावलं. पाणी आत गेलं. खुर्चीच्या पायाला लावलं. गेलं. पाटाच्या कडेला, देव्हाऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथं कुणी कधी बघत नाही तिथं. सगळं घर पाणी पीत होतं. वरून सगळं चकचकीत. त्यानंच तर केलेलं. हे त्याला कधी दिसलं नव्हतं असं नाही, पण घराला पाऊस लागत नाही म्हणून चाललं होतं. ओल्या बोटानं तो पलंगावर बसला. पंखा फिरत होता. आता कुणाला तरी हे सांगायला हवं असं वाटलं, आणि असं सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि त्यालाच सांगायचं नव्हतं. त्यानं ज्योतिबाला फोन लावला.

"कोन? नाथा? आरं बोल की गड्या."

"काय न्हाई. असाच."

"असाच कवापास्नं करायला लागलास?"

"पाऊस कुठवर आलाय तिकडं?"

"मला काय वेधशाळेनं ठिवलंय व्हय? ढग येत्यात, भिंत बघत्यात, जात्यात. सकाळी ती पोरगी आलती. भिंतीम्होरं हुबी ऱ्हाऊन फोटू काढत हुती. म्हनली, आजोबा, काय झाक दिसतीया वो. म्या म्हनलं, म्या निस्तं तेल पाजलंय, ठोकलंय त्या फौजीनं." मागे कुत्रं भुंकलं. "ए गप. तुला न्हाई रं नाथा, कुत्र्याला. तू का गप?"

"न्हाई, ऐकतोय."

"मंग ऐक. हितं चुलीवर भाकरी करून खातो. लय दिसानं. ह्या थंड वाऱ्यानं गुडघं धरत्यात, पर बरं हाय. पोरगा म्हनतोय आटपाडीला ये. म्या म्हनलं, हितं माज्या हातची भिंत हाय, ती सोडून कुठं येऊ."

नाथाजीनं फोन ठेवला. भिंतीचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत खिडकीपाशी बसून तो हिशोब मांडू लागला; मांडता मांडता तो फौजेत पोचला. इंजिनियर रेजिमेंटमध्ये तो सुतार होता. सिक्कीममध्ये त्यांनी लाकडी बराकी बांधल्या होत्या, जिथं पाऊस आडवा यायचा आणि धुकं कपड्यांच्या आत शिरायचं. तिथला उस्ताद, गढवाली, फार बोलायचा नाही. त्यानं एकदा फळीचं टोक उस्तऱ्यानं साफ तासून नाथाजीच्या डोळ्यापाशी धरलं होतं. देख, नलियाँ हैं. नळ्यांचा भारा. अंगावर कितीही पाऊस पडू दे, उतरून जातो; पण लकडी पाँव से पीती है. नाथाजीनं ते बावीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावर सांगलीत येऊनही करत राहिला. कासच्या रस्त्यालाही तसंच केलं होतं. पत्र्याचा डबा उभा कापून त्याचं ताटासारखं भांडं केलं, त्यात जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. फळी चढवण्याआधी तिचं टोक त्यात उभं करायचं, सावकाश शंभर मोजायचं, काढायची, चिंधीनं पुसायची. चिंध्या ढिगात टाकायच्या नाहीत, एकेक करून तारेवर वाळत घालायच्या, नाहीतर त्या आपल्या आपण तापून पेटतात. ज्योतिबा खाली बुडवायचा, नाथाजी बांबूच्या पहाडावर, परांचीवर, उभा राहून ठोकायचा. फळीच्या मधोमध खिळा, दोन्ही कडांना नाही. दोन फळ्यांत फट, फटीवर पट्टी, आणि पट्टीचा खिळा फटीतून मागच्या आडव्या वाशाला, कुठल्याच फळीतून नाही. फळीला फुगायला आणि आकसायला जागा लागते. दोन्हीकडून धरून ठेवली की फाटते. हे सगळं नीट झालं होतं. फळीची पाठसुद्धा, जी आता कुणाला दिसणार नाही, तिलाही दोन हात दिले होते. फक्त टोकं. टोकं ज्योतिबाकडे होती, आणि कुठलं टोक हे नाथाजीनं सांगितलं नव्हतं. पाणी खालून चढतं हे का कुणाला सांगायला लागतं?

ज्योतिबाला लागलं असतं. हे कराडच्या अलीकडे नाथाजीच्या ध्यानात आलं. ज्योतिबा आटपाडीकडच्या माळावरचा. त्याचा बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली उतरायचा आणि जेठात परत यायचा. ज्योतिबानंही पंचविशीपर्यंत तेच केलं. त्याच्या घराचं दार नाथाजीनं एकदा बघितलं होतं. खालची बाजू शाबूत, घट्ट, जशी करवतीखालून निघाली तशी. आणि वरचं टोक उन्हानं फुटून चिरा पडलेलं, हातात काडी घ्यावी आणि आत सारावी अशा चिरा. तिथं लाकडाला मारतं ते ऊन. तिथला माणूस दाराच्या डोक्याला तेल चोपडतो. पायाला कशाला? पायाला पाणी लागण्याएवढा पाऊस आला तर तिथं लोक दारात पेढे वाटतील.

म्हणून त्यानं डोकी बुडवली. चौसष्टच्या चौसष्ट. मन लावून, शंभर मोजून.

आणि हे काल हॉटेलात कळलं.

नाही. असं नाही. एसटी टोलनाक्यावर थांबली होती आणि काकडीवाली खिडकीशी आली होती, आणि नाथाजीनं तिच्याकडे बघून मान हलवली. तिला वाटलं काकडी नको म्हणतोय. तेल मुरलं की लाकूड गडद होतं. बुडवलेल्या टोकाला चार बोटं रुंदीचा काळपट पट्टा उमटतो. वरचा रंग चढेपर्यंत तो दिसतो. पहाडावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडासमोर फळीचं डोकं येतं, पाय नाही. तेव्हा तो पट्टा त्याच्या तोंडासमोर आला होता, दर वेळी, एका हाताच्या अंतरावर. म्हणजे दिसला होता. दिसला, पण वाटलं की ज्योतिबानं दोन्ही टोकं बुडवली असतील. जास्तीचं काम करणारा माणूस आहे. हां. असं झालं असणार. एसटी पुढे निघाली. असं झालं असणार हे त्यानं उंब्रजपर्यंत धरून ठेवलं.

उंब्रजच्या पुढे लोणंद आठवलं. लोणंद त्या रस्त्यावर नाही, पण आठवलं. तिथं एका बंगल्याच्या दारांचं काम होतं, चार वर्षांपूर्वी. ज्योतिबानं ओल्या पॉलिशवर दुसरा हात मारला आणि सगळ्या दारांवर सुरकुत्या पडल्या. मालक, मालकाची बायको, फरशीवाले असे सगळे उभे होते. नाथाजीच्या तोंडून फौज बाहेर पडली. तो काय काय बोलला ते त्याला आठवत नाही, शेवटचं आठवतं. मेंढरंच राखायची हुतीस, त्येवढीच अक्कल हाय तुला. ज्योतिबानं हातातली चिंधी तारेवर नीट वाळत घातली, चपला घातल्या आणि स्टँडकडे निघाला. सात महिने. त्या सात महिन्यांबद्दल नाथाजी कुणाशी बोलला नव्हता, कारण त्या सात महिन्यांत तो कुणाशीच बोलला नव्हता. काम मिळत होतं. दुसरा माणूस लावला, तो कानात वायरी घालून घासायचा. घरी आल्यावर नाथाजी दूरदर्शनच्या बातम्या लावायचा, आवाजासाठी. एकदा दूधवाल्यानं सुट्टे मागितले आणि तो उत्तर द्यायला गेला तर घशातून नुसती हवा आली. दोन दिवस आवाज वापरलेलाच नव्हता. तो आत गेला आणि मोरीत उभा राहून मोठ्यानं एक ते शंभर म्हणाला. आठव्या महिन्यात ज्योतिबा आपला आपण आला, दारात एक पिशवीभर हुलगे ठेवले आणि म्हणाला, "तेल कंच्या दुकानातनं आनलंयस? वास येगळा येतोय." एवढंच. लोणंदचं नाव त्यानंतर दोघांनी काढलं नाही. त्या गावावरून काम आलं तरी नाथाजी नाही म्हणायचा.

तर, नववी फळी.

ती आता टाळता येत नव्हती. पश्चिमेच्या भिंतीचा पहिला दिवस, दहा-साडेदहाची वेळ. आठ फळ्या झाल्या होत्या. नववी ज्योतिबानं वर सरकवली, नाथाजीनं डोकं धरलं, पट्टा दिसला, आणि का कोण जाणे त्यानं फळीच्या अंगावरून नजर खाली नेली. दहा फूट. खाली तिरका कापलेला पाय होता, पाणी निथळून जावं म्हणून नाथाजीनंच तिरका कापलेला. पांढरा. कोरडा. वाटलं-बिटलं काही नाही, कळलं. लख्ख कळलं, पावसासकट, कुजलेल्या पायांसकट, तिसऱ्या वर्षी बोटानं कोरता येईल अशा भुश्यासकट. खाली ज्योतिबा बोलत होता. सात-आठ दिवस तो गप्प गप्प होता. पोरानं काहीतरी म्हटलं होतं, बापानं आता घरी बसावं असं. आणि त्या सकाळी पहिल्यांदा खुलला होता. त्यांच्या कळपात एक मेंढा होता, तो फक्त ज्योतिबाच्या बापाची बिडी पेटली की चालायचा, तोवर ढिम्म, असलं काहीतरी. "आबा बिडी इसरला की आमी समदी जाग्यावर," ज्योतिबा सांगत होता आणि स्वतःच हसत होता, आणि हसताना फळीला हादरे बसत होते. नाथाजीच्या ओठांत खिळा होता. खिळा काढून बोलता आलं असतं. एक शब्द. त्यानं खिळा ओठांतून काढला, फळीच्या मधोमध ठेवला आणि ठोकला. मग दहावी मागितली.

म्हणजे कालचा पेला. काल त्याला काही कळलं नव्हतं. काल ते फक्त त्याच्या विजारीवर सांडलं होतं.

साताऱ्यात बामणोलीच्या गाडीत बसला आणि यवतेश्वरचा घाट चढताना त्याला थंडी वाजली, मे महिना असून. रस्त्याकडेच्या वाडीत एक जण घराच्या पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झडी बांधत होता, चार महिने भिंत दिसू नये अशा. बांधून घेणारी घरधनीण शेजारी उभी राहून त्याच्यावर ओरडत होती, आणि तोही वरून ओरडत होता, आणि दोघं मजेत होती. मग सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, वारा, आणि लांबूनच भिंत. चांगली दिसत होती. मधाच्या रंगाची, उभ्या सावल्यांची. नाथाजीला तिचा राग आला.

"आलास व्हय!" ज्योतिबा खोलीतून बाहेर येत म्हणाला. सदऱ्याला पीठ लागलं होतं. "काल फोन, आज सोता. मला ठावं हुतं, तुला करमायचं न्हाई. थांब, भाकरी टाकतो. ए, गप, आपला मानूस हाय." कुत्रं नाथाजीचे पाय हुंगत होतं. नाथाजीनं पिशवी खाली ठेवली, रांजणात बोट बुडवलं आणि भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला. फळ्यांचे पाय खालच्या पत्र्यापासून बोटभर उचललेले होते. त्या फटीत त्यानं ओलं बोट घातलं आणि पायाला लावून फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा ते कोरडं होतं.

"काय करतोयस रं?"

"हितं तेल न्हाई."

"कुठं?"

"पायाला. फळी खालनं पाणी पितीया."

ज्योतिबा गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, शेजारी बसला. त्यानंही बोट घालून बघितलं. "वर हाय की. म्या एकूनएक डोस्की बुडवली. ऊन डोस्क्यास्नी लागतं."

"हितं ऊन न्हाई ज्योतिबा. चार म्हैनं हितं ऊनच न्हाई. वाऱ्यासंगट पाऊस येतो, पत्र्यावर आपटतो आन खालनं वर उडतो."

ज्योतिबा बोट चोळत राहिला, जणू बोटालाच काही लागलं होतं. समोर सडा मोकळा होता आणि पश्चिमेला ढगांची एक पांढरी कड वर आली होती. "ब्रश जाईल का आत?" त्यानं विचारलं. "न्हाई जात." "मंग?" "काढाय लागतील." "समद्या?" "समद्या."

सोनम दुपारी गाडी घेऊन आली. नाथाजीनं तिला उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं आधी भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काका, पंधरा दिवसांनी पाहुणे आहेत. मी फोटो टाकलेत." थोडं थांबून म्हणाली, "यंदा गावातल्यासारख्या झडी बांधल्या तर? पाहुण्यांना सांगू, इथली पद्धत आहे." नाथाजी म्हणाला, "झडीनं यंदाचं साल निघंल. पर आत गेलेलं पाणी वाळायला वारा लागतो. पुढल्या वर्साला पाय मऊ, त्याच्या पुढल्या वर्साला फळी." "आणि काढून परत लावली तर?" "चार दिवसांत लावतो. तुमास्नी कळनारबी न्हाई." ती हो म्हणाली. मग, रागानं नव्हे, फोनवर कुणालातरी सांगावं लागेल म्हणून विचारावं तसं विचारलं, "पण झालं कसं? चूक कुणाची?"

"माझी," नाथाजी म्हणाला. "कंचं टोक ते म्या सांगितलं न्हवतं."

गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ज्योतिबा खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या हातात परात होती, पीठ मळून तसंच राहिलेलं.

"तुजी कशी?"

"म्या सांगितलं न्हवतं."

"सांगितलं न्हवतंस. खरं हाय. पर डोस्कं तुज्या तोंडाम्होरं येत हुतं. काळं दिसलं न्हाई?"

इथं नाही म्हणता आलं असतं. नाथाजीच्या जिभेवर ते तयारही होतं, उंब्रजपर्यंत जपून आणलेलं. ज्योतिबा त्याच्याकडे बघत होता; बारीक, पाणावलेल्या, दूरचं बघायची सवय असलेल्या डोळ्यांनी. अशा डोळ्यांना जवळचं दिसत नाही असं नाथाजी नेहमी धरून चालला होता.

"दिसलं."

"कवा?"

"नवव्या फळीला."

ज्योतिबानं मनात वजाबाकी केली. ती करताना त्याचे ओठ हलले. "आन म्होरल्या पंचावन्न ठोकल्यास."

"तू बोलत हुतास. लय दिसानं बोलत हुतास. म्हनलं, आता लोणंदसारखं..."

"लोणंद," ज्योतिबा म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते नाव उच्चारलं. "लोणंदला तू मला शिवी दिलीस. राग आला मला. मानूस मानसाला शिवी देतो, राग येतो, जातो. त्येचं काय." त्यानं परात खाली ठेवली. "कोकरू कड्याकडं निगालं, तर मेंढका बघत बसत न्हाई नाथा. हाळी देतो. तू बघत बसलास. पंचावन्न फळ्या वर बसून माजी गंमत बघत बसलास."

"गंमत न्हाई रं."

"मंग काय? कीव?"

एकटा पडेन म्हणून, हे उत्तर होतं; पण ते बासष्ट वर्षांच्या माणसानं सहासष्ट वर्षांच्या माणसाला, उघड्या सड्यावर, कसं सांगायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. गप्प राहणं त्याला येत होतं.

"भिंत हुस्तवर हाय म्या," ज्योतिबा म्हणाला. "मंग जातो आटपाडीला."

"आन राखण?"

"राखणीला कुत्रं हाय."

त्याच दुपारी त्यांनी पट्ट्या काढल्या. दुसऱ्या दिवसापासून फळ्या. नाथाजी वरून खिळे उपसायचा, फळी सोडायचा. ज्योतिबा खाली धरायचा, जुन्या भोकांत तेलात भिजवलेल्या खुंट्या ठोकायचा, पाय भांड्यात उभा करायचा आणि शंभर मोजायचा. मोजणं आधी मोठ्यानं असायचं, आता ओठ हलत. मग फळी पुसून वर सरकवायचा आणि म्हणायचा, "घे." दिवसभरात एवढाच शब्द. भाकरी दोघांची एकाच तव्यावर व्हायची आणि दोघं वेगवेगळ्या दगडांवर बसून खायचे. नाथाजीनं एकदा मेंढ्याचं विचारलं, तो बिडीवाला, त्याचं पुढं काय झालं; ज्योतिबानं कुत्र्याला तुकडा टाकला. पण घे मात्र दर वेळी यायचा. नाथाजीला त्या शब्दाच्या तऱ्हा कळू लागल्या. सकाळचा घे जड असायचा, घशात झोप असलेला. जेवणानंतरचा आखूड. फळी वाकडी सरकली की त्यात थोडी चीड असायची, आणि नाथाजीनं मुद्दाम एकदोनदा ती नीट धरली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपले हात सावकाश चाललेत. खिळा काढायला एका झटक्याचं काम तिथं तो तीन झटके घेत होता. बारा फळ्या राहिल्या होत्या, बारा घे. त्यानं पश्चिमेला बघितलं. कड आता कड राहिली नव्हती, निम्मं आभाळ होती, आणि वाऱ्याला ओला वास होता. पाय उघडे असलेल्या बारा फळ्या. तो पहाडावर एका जागी उभा राहिला, हातोडी खाली सोडून. खाली ज्योतिबाही थांबला, पण काय झालं असं त्यानं विचारलं नाही. मग नाथाजीनं खिळ्यांची पिशवी कमरेला आवळली आणि फौजेत काम करायचा तसा करू लागला. एक झटका, एक खिळा. घे. घे. घे. पाच वाजेपर्यंत घामानं सदरा पाठीला चिकटला आणि आठ झाल्या. अकरावी चढवली तेव्हा साडेपाच वाजले असतील. बामणोलीहून साताऱ्याला जाणारी शेवटची गाडी सहाला रस्त्याला येते.

अकराव्या फळीची पट्टी ठोकायला त्याला वेळ लागला, कारण पट्टी फटीवर नीट बसेना. वाकून, एक डोळा मिटून तो ती सरळ करत होता. खिळा बसला तेव्हा त्यानं मागं न बघता हात खाली केला, बोटं उघडून. हातात काही आलं नाही. तो तसाच थांबला. मोजून होत असेल. शंभर मोजून झाले असते तेवढा वेळ गेला. सड्यावर कुत्रं रस्त्याच्या दिशेनं तोंड करून उभं होतं आणि शेपूट हलवत नव्हतं.

त्यानं खाली बघितलं. तारेवर चिंध्या एकेक करून वाळत घातलेल्या होत्या. तेलाचं भांडं पत्र्यानं झाकून त्यावर दगड ठेवला होता. आणि चौसष्टावी फळी पहाडाला टेकवून उभी होती, अशी की वर उभ्या माणसाला वाकावंही लागू नये, कुणी द्यावी लागू नये. डोकं बरोबर त्याच्या हाताशी. भोकांत खुंट्या मारून, तासून सपाट केल्या होत्या. पाय तेलानं ओला होता आणि त्यातून अजून एकेक थेंब खाली पडत होता.

लांब घाटात गाडीनं हॉर्न दिला. नाथाजीनं हाळी द्यायला तोंड उघडलं. आवाज आला, चांगला मोठा आला, सड्यावरून पार पलीकडे गेला. नुसता आवाज होता, त्यात नाव नव्हतं. कुत्र्यानं त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा वारा.

खालून कुणी घे म्हटलं नव्हतं. त्यानं फळी घेतली, आणि तेल निथळायचं थांबेपर्यंत ती तशीच दोन्ही हातांत धरून उभा राहिला.